पाय हलवत राहा, मास्तर

भंडाऱ्याला दुरुस्तीला गेलेला ऑर्गन परत आला तो टेम्पोत उभ्यानं, गळ्यात झेंडूचा हार घालून, नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचासारखा. मोहाडीच्या नाट्यमंडळाच्या सभागृहापुढं चौघांनी त्याला खाली उतरवलं, कोणीतरी फटाक्यांची लड लावली, आणि दाराशी उभ्या असलेल्या भैय्यालाल मास्तरांच्या नाकात पहिला वास शिरला तो पॉलिशचा. आंदणाच्या पलंगाला येतो तसा. मास्तरांचं तोंड आंबट झालं.

बेचाळीस वर्षं ज्या लाकडावर त्यांनी फक्त खोबरेल तेलाचा बोळा फिरवला होता, त्याच्यात आता तोंड दिसत होतं. कडेनं सोनेरी पट्टी मारलेली. पुढच्या फळीवर मंडळाचं नाव, त्याखाली 'सुवर्ण महोत्सव', आणि त्याच्याही खाली, मंडळापेक्षा मोठ्या अक्षरांत, अध्यक्ष घनश्यामशेठ यांचं नाव.

"शेठच्या बायकोचं नाव लिहाचं राहिलं वाटते," मास्तर म्हणाले. टेम्पोवाला तेवढा हसला.

भैय्यालाल हेडाऊ हा मोहाडीचा कोष्टी माणूस, वय सत्तरीला टेकलेलं. वर्षभर माग चालवायचा, आणि दिवाळी होऊन मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस आले की मंडळाच्या नाटकांना ऑर्गन वाजवायचा. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हटलं की ऑर्गन आलाच. बाकीच्या जगानं तो कधीचा अडगळीत टाकला असेल, पण इथं नांदीचा पहिला सूर ऑर्गनमधून निघाला नाही तर माणसं उठून चहाला जातात. आणि ऑर्गन म्हणजे पायाचं काम. खाली दोन पायडल, ते आळीपाळीनं दाबत राहायचे, तेव्हा पोटातला भाता चालतो, तेव्हा आतल्या पितळेच्या रीड थरथरतात, तेव्हा कुठं सूर येतो. पाय थांबला की सूर मेला. सकाळी मागाच्या पावड्या आणि संध्याकाळी ऑर्गनचे पायडल, मास्तरांच्या पायांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही. कोणी वाजवण्याची तारीफ केली तर ते म्हणत, "वाजवतो पायानंच. हात फक्त सांगते कोणता सूर पायजे तो."

तर मास्तरांनी हार बाजूला सारला आणि झाकण उघडलं. पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या, एकीला डाग नाही. त्यांच्या पट्ट्या पिवळ्या होत्या, मधल्या 'सा'ला बोटाचा खळगा पडलेला. त्यांनी स्टूल ओढलं, सवयीनं पायडल दाबलं, आणि पाय फसकन खाली गेला. पायाला भारच लागला नाही. अंधारात बेडकावर पाय पडावा तसा त्यांनी तो वर उचलला.

"थांबा गुरुजी, थांबा, लाइन लावाची आहे," म्हणत अश्विन धावत आला.

हा अश्विन त्यांचा शिष्य. आता पस्तिशीचा, लाखनीला वायरमन, पण सुरांची ओळख त्याला मास्तरांच्या शेजारी बसूनच झालेली. अलीकडे लग्नाकार्यात कीबोर्ड वाजवायचा. त्यानं ऑर्गनच्या मागून एक काळी वायर काढली, भिंतीतल्या प्लगात खोचली, कुठलंसं बटण दाबलं. "हं. आता लावा हात."

मास्तरांनी हात लावला. सूर आला. गुळगुळीत, पाकात घोळलेला, आणि तोही ऑर्गनमधून नाही, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या डब्यातून. माणूस इथं बसलेला आणि त्याचा आवाज गावाबाहेरून यावा, असलं काहीतरी.

"शंभरावर आवाज आहेत गुरुजी याच्यात. सनई पायजे तर सनई, बासरी पायजे तर बासरी."

मास्तर उठले आणि मागची फळी त्यांनी ओढून काढली. आत भाता नव्हता. रीडांची चौकट नव्हती. रिकाम्या पेटीत प्लायवुडचा तुकडा आडवा ठोकलेला, त्यावर कीबोर्ड निजवलेला, आणि खाली वायरींचा गुंता. पायडलांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या होत्या, दाबलं की आपापले वर यावेत म्हणून. गावात वासरू मेलं की त्याच्या कातड्यात तणस भरून ते गाईपुढं उभं करतात, तिनं चाटत राहावं आणि दूध द्यावं म्हणून. मास्तरांना लहानपणी असलं वासरू दिसलं की ओकारी यायची. ती तशीच्या तशी आत्ता गळ्याशी आली.

"हे तू केलं?"

"हो गुरुजी. शेठ म्हणे भाता फाटला, नवा करणारा आता भेटत नाही. मी म्हटलं, चला, गुरुजीच्या गुडघ्याले तरी आराम. तुम्हाले आधी सांगतलं नाही, म्हटलं पाहूनच खूश होतील." अश्विनचा चेहरा मुलगी पास झाल्याची बातमी आणलेल्या बापासारखा फुलला होता. ह्याला शिव्या तरी कशा द्यायच्या, हेच मास्तरांना कळेना. वाईट माणसानं घाण केली तर थुंकता येतं, चांगल्या माणसानं केली तर ती गिळावी लागते.

"अन् रीड?"

"शेठच्या दुकानात. पितळ होय ना ते."

मास्तरांनी फळी परत लावली नाही. पायात चप्पल सारली आणि ते सरळ बसस्टँडवर गेले.

आता त्या रीडांत एवढं काय होतं, ते सांगितलं पाहिजे. ते घरात बायको कौशल्याबाई सोडली तर कोणालाच ठाऊक नव्हतं. लाखनीच्या पंचफुलाबाई म्हणजे एके काळी या भागातली नावाची गायिका नटी. तिच्या पदासाठी लोक बैलबंड्या जुंपून यायचे. आता पासष्टी ओलांडली होती. नाटक सुटलं होतं, फक्त वर्षातून एकदा मोहाडीच्या मंडईला येऊन ती मंडळाची नांदी म्हणायची, आणि तेवढ्यावर वर्षभर जगायची. ती गायची काळी दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून. तिशीतही काळी दोन आणि साठीतही काळी दोन, असं ती चारचौघांत सांगायची, आणि लोक तोंडात बोट घालायचे. खरी गोष्ट अशी, की वयाबरोबर तिचा गळा उतरत चालला होता, आणि त्याच्यासोबत मास्तर ऑर्गनही उतरवत होते. दोन-तीन वर्षांतून एकदा, दिवाळीच्या आधी, ते एकेक रीड बाहेर काढायचे, मुळाशी बारीक कानस फिरवायचे, एका केसानं सूर खाली आणायचे. सव्वाशेच्या आसपास रीड, आठ-दहा दिवसांचं काम. पंधरा वर्षांत तो अख्खा ऑर्गन जवळजवळ एक पट्टी खाली आला होता. बाई दोन बोटं दाखवून काळी दोन मागायची, मास्तर काळी दोनच दाबायचे, आणि गळ्याला जेवढं पेलतं तेवढंच तिच्या वाट्याला यायचं. असली चाकरी कोणी कोणाची करत नाही. बायकोचीही करत नाही, हे कौशल्याबाईनं त्यांना एकदा ऐकवलं होतं.

तर ह्या रीड गेल्या म्हणजे पंचफुलाबाईचा गळा गेला. असा दुसरा ऑर्गन दुनियेत कुठंही विकत मिळणार नव्हता.

भंडाऱ्याच्या बाजारात घनश्यामशेठचं भांड्यांचं दुकान. मूळचा मोहाडीचाच माणूस, पण आता पितळेत लोळत होता. दारापासून छतापर्यंत पाणी भरायचे गुंड, पराती, घंगाळी, आणि सगळ्यांना तेजाबाचा उग्र वास. शेठ गादीवर बसून खर्रा घोटत होते. पन्नीतला तो तंबाखू-सुपारीचा ओला चुरा तळहातावर मळायचा, गालात कोंबायचा, आणि बोलता बोलता गल्ल्याखालच्या डब्यात पिचकारी टाकायची. डबा भरत आला होता. मास्तरांनी नजर भांड्यांवर ठेवली.

"बसा जी मास्तर. पाहिला ऑर्गन? नवरी वाटते का नाही?"

"माह्या रीड द्या."

"द्याचेच आहेत." शेठनी नोकराला खूण केली. नोकरानं आतून एक पोतडी आणली आणि मोठ्या परातीत उपडी केली. रीड खणखणत पडल्या. ज्या त्यांनी एकेक करून मऊ फडक्यात धरल्या होत्या, त्या आता तुटक्या नळांच्या आणि कड्याकोयंड्यांच्या पंगतीत पडल्या होत्या. शेठनी परात तराजूवर चढवली, त्यांच्या डोळ्यांदेखत वजन केलं. "एक किलो आठशे. पाहून घ्या काटा. मोडीत आलेलं पितळ आम्ही गिऱ्हाइकासमोर तोलतो, आजापासूनची रीत होय."

"तोलून काय करू मी? पोत्यात भरा, घेऊन जातो."

"आज नाही." शेठनी पिचकारी टाकली आणि ओठ पुसले. "तुम्हाले मी ओळखतो ना मास्तर. आज नेसान तर उद्या तो कीबोर्ड रस्त्यावर फेकसान. रविवारी मुंबईचे पाहुणे येऊन राहिले. त्यांले झाडीपट्टीचा पायाचा ऑर्गन पाहाचा आहे, अस्सल. त्यांनी मनावर घेतलं तर नव्या सभागृहाले मंजुरी भेटते. म्हून सांगतो, तुम्ही फक्त पाय हलवत राहा. कोणाले काही समजत नाही. कार्यक्रम सुरळीत पार पडला, की पितळ तुमचं तुमच्याले परत भेटन. स्टेजवर, माह्या हातानं. वजनात गुंजभर कमी नाही. मोडीचं पितळ ज्यानं खाल्लं त्याले नरकातही जागा नाही, माहा बाप सांगे."

त्याच वेळी दुकानात एक म्हातारी आली होती. महिन्यामागं तिनं फुटका गुंड मोडीत दिला होता, त्याच्या वजनाचा नवा गुंड नोकरानं तिच्या हाती दिला. तिनं तो छातीशी धरला, त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माह्या मायचा गुंड होय हा बाप्पा." मास्तरांनी ऐकलं, पण त्यांचे डोळे आणि कान परातीवर होते.

"बरं," ते म्हणाले.

एवढाच शब्द. पण बसमध्ये बसल्यावर तो दातांत अडकलेल्या तंतूसारखा टोचत राहिला. बेचाळीस वर्षांत त्यांनी एक सूर खोटा लावला नव्हता, आणि आता एक खर्राखाऊ भांडेवाला त्यांना सांगत होता की खोटे पाय हलव, आणि ते 'बरं' म्हणून उठले होते.

घरी कौशल्याबाईनं ताट वाढलं. मास्तरांनी भात नुसता चिवडला.

"पाय हलवाले काय जाते जी?" ती म्हणाली. "जिंदगीभर तेच केलं. एक दिवस आणखी हलवा, अन् रीड घेऊन या घरी. भाता मी शिवून देतो चामड्याचा."

"तुले नाही समजत."

"मले समजते. पंचफुलाबाईले काय सांगसान ते मले समजत नाही."

मास्तरांनी ताट सरकवून दिलं. रविवारपर्यंत ते सभागृहाकडं फिरकले नाहीत.

रविवारी दुपारी मांडव गच्च भरला. समोर सोफे, त्यांवर पांढरे टॉवेल, स्टेजच्या कडेनं प्लास्टिकची फुलं, आणि त्या फुलांवर अत्तर शिंपडलेलं. प्लास्टिकच्या फुलाला अत्तर. मास्तरांना वाटलं, आता एवढंच पाहायचं राहिलं होतं. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि भाषणात मोहाडीला गोंदिया जिल्ह्यात घालून मोकळे झाले. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन दहा वर्षं उलटली होती, पण कोणी चूक दुरुस्त केली नाही, उलट टाळ्या पडल्या. एरवी ऑर्गन स्टेजच्या खाली, प्रेक्षकांकडं पाठ करून असतो. आज तो स्टेजवर आडवा ठेवला होता, पायडल सगळ्यांना दिसावेत म्हणून.

पंचफुलाबाई लाखनीहून आली ती हिरव्या पातळात, अंबाडा बांधून. आल्या आल्या तिनं ऑर्गनला हात जोडले, फळीला कपाळ टेकवलं. "किती सुंदर दिसून राहिला, भाऊ."

"हो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वायरीवर धोतराचा सोगा सोडला.

नांदीची घोषणा झाली. बाई माइकसमोर उभी राहिली, ऑर्गनकडं पाठ करून, बेचाळीस वर्षांच्या भरवशानं. नेहमीची दोन बोटं तिनं आज हात मागं नेऊन दाखवली. काळी दोन. मास्तरांचं बोट सवयीनं काळी दोनवरच पडलं, आणि एकदा नांदी उठल्यावर पट्टी बदलता येत नाही. ती खरीखुरी काळी दोन होती, बाजारातली, कोणासाठी एक केसभरही खाली न येणारी.

ते पाय हलवू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. ट्यूबच्या पट्ट्या कुईकुई करत होत्या. त्यांच्या कानाखाली घाम आला. सूत न लावलेला माग चालवावा तसं ते चाललं होतं, पण रिकाम्या मागाचा निदान आवाज तरी खरा असतो.

पहिली ओळ बाईनं कशीबशी काढली. दुसऱ्या ओळीत सूर वर जातो, तिथं आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. श्वासासाठी ती थांबली. जुना ऑर्गन अशा वेळी पायाच्या एका दाबानं भरून यायचा, तिला हात धरून पुढं न्यायचा. हा आपला एकाच जाडीनं वाजत राहिला, डब्यातून, सपाट. मास्तर कपाळावरून घाम गाळत पायडल हाणत होते, आणि त्या हाणण्याचा सुराशी काडीचा संबंध नव्हता. समोर एका पाहुण्यानं फोनवर त्यांच्या पायांचा फोटो घेतला. शेठनी मान डोलावली. नांदी संपली. टाळ्या पडल्या, त्या पडायच्याच होत्या.

पडद्याआड बाई लोखंडी खुर्चीवर बसली. पदर तोंडावर दाबलेला. मास्तर पाण्याचा गिलास घेऊन गेले.

"गेला जी भाऊ, गळा गेला माहा," ती म्हणाली. "मागच्या सालापर्यंत तर बरा होता. एका वर्षात असं होते का? ऑर्गन तोच, तुम्ही तेच, काळी दोन तीच. मीच संपली." तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "खरं सांगा. वय झालं ना माहं?"

मास्तरांच्या ओठांवर सगळं आलं होतं. भाता, रीड, कानस, पंधरा वर्षं. पण पडद्याच्या फटीतून शेठ दिसत होते, हातात लाल कापडात बांधलेलं काहीतरी जड घेऊन बसलेले. रीड तिथंच होत्या. तासाभराचा प्रश्न होता. रीड हातात आल्या की भाता शिवू, पुढच्या मंडईला बाईला पुन्हा उभं करू, मग सांगता येईल सगळं. असा हिशोब त्यांनी केला, आणि करताना त्यांना स्वतःच्या अंगाचा वास आल्यासारखं झालं.

"हो बाई," ते म्हणाले. "वय झालं आपलं."

बाईनं गिलास खाली ठेवला. पाणी ती प्यायली नाही. "ठीक आहे. भैरवी कबूल केली तेवढी म्हणीन. यानंतर मले बोलवू नोका."

मग सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. घनश्यामशेठ माइकवर आले, गालातला खर्रा जिभेनं एका बाजूला सारून. "मास्तरले मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द." त्यांनी लाल कापड सोडलं.

आत एक पितळेचा ऑर्गन होता. वीतभर उंचीचा, ओतीव, घासून सोन्यासारखा केलेला. इवल्या पट्ट्या, इवले पायडल, आणि पायथ्याशी 'भैय्यालाल मास्तर यांस सस्नेह'.

"हा बाहेरून विकत आणलेला नाही," शेठ सांगत होते. "मास्तरच्या जुन्या ऑर्गनच्या ज्या रीड होत्या, त्याच आटवल्या. त्यांचं पितळ त्यांच्या घरी. एक किलो आठशे होतं, एक किलो आठशेच आहे. मास्तर, काट्यावर चढवून पाहा." आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. भांडेवाल्याच्या पोटी जन्मलेला माणूस, मोडीचं पितळ आटवून पूर्ण वजनानं परत करणं ह्याहून मोठा सन्मान त्याला माहीतच नव्हता. लोकांनाही तो पटला. मांडव टाळ्यांनी दणाणला, आणि सगळ्यांत पुढं उभा राहून अश्विन टाळ्या वाजवत होता.

मास्तरांनी वस्तू हातात घेतली. जड होती. एका बाजूनं पॉलिशचा चिकटपणा बोटांना लागला. ओतलेल्या त्या ठोकळ्यात कुठं मधला 'सा' असेल, कुठं बाईच्या वरच्या सुराची ती बारीक रीड असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. किळस शेठची आली, खर्ऱ्याची आली, अत्तर मारलेल्या फुलांची आली, आणि पुढ्यातल्या सगळ्या हसऱ्या तोंडांची आली. त्यांनी ती वस्तू सत्काराच्या टेबलावर हारांच्या ढिगात ठेवून दिली.

"दोन शब्द बोला मास्तर," कोणीतरी म्हणालं.

"भैरवी होऊ द्या," ते म्हणाले.

पंचफुलाबाई माइकसमोर आली. बोटं दाखवली नाहीत, नुसती उभी राहिली. मास्तर स्टुलावर बसले. सूर लावला, चार-सहा वेळा पाय हलवले. बाईनं सुरुवात केली, खालच्या आवाजात, सांभाळून. आणि मग मास्तरांनी डावा पाय पायडलवरून उचलला, उजवा उचलला, दोन्ही वर घेतले आणि स्टुलावर मांडी घातली. पंगतीला बसावं तशी, ऐसपैस.

ऑर्गन वाजत राहिला.

आता गमावण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. पाहा म्हणावं. पन्नास वर्षं ऑर्गन ऐकत आलेलं गाव होतं हे. पाय थांबला की सूर मरतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पहिल्या रांगेत त्यांच्यासोबत तीस वर्षं तबला वाजवलेला हिरालाल बसला होता, त्यानं आधी पाहिलं. त्याचा जबडा खाली आला. त्यानं शेजारच्याला ढोसलं, शेजारच्यानं पुढच्याला. शेठचा चेहरा उतरला, ते हातानं खाली खुणा करू लागले, पाय, पाय. मांडव हळूहळू गप्प झाला. मास्तरांना वाटलं, समजलं यांना.

तेवढ्यात हिरालालनं टाळी वाजवली.

मग सगळ्यांनीच वाजवली. मागून शिट्या आल्या. बायका एकमेकींना कोपरानं दाखवत होत्या, पाय न लावता वाजून राहिला वो, पाहा तर खरं. कोणी म्हणालं सिद्धी आहे, कोणी म्हणालं मशीन आहे, पण टाळ्या दोघांनीही वाजवल्या. पाहुणे सोफ्यावरून उठून फोटो घेऊ लागले. शेठ क्षणभर गोंधळले आणि मग व्यापारीच तो, लगेच सावरून हसत टाळ्यांत सामील झाले.

भैरवीच्या अर्ध्या ओळीवर एवढ्या टाळ्या कशाच्या म्हणून पंचफुलाबाईनं मागं वळून पाहिलं. तिनं मास्तरांची मांडी पाहिली. गाणं तिथंच थांबलं. ती ऑर्गनजवळ आली, वाकून तिनं एका हातानं पायडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. सूर होता तसाच होता. मग तिला फळीखालची वायर दिसली.

टाळ्यांच्या गदारोळात तिचं बोलणं फक्त मास्तरांना ऐकू आलं.

"नांदीच्या टायमालेही असंच होतं?"

"हो."

"मंग तवा पाय कायले हालवत होते जी?"

मास्तर टेबलावरच्या हारांच्या ढिगाकडं पाहू लागले.

"मी तुम्हाले विचारलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "माहं वय झालं का म्हून विचारलं होतं."

मग तिनं पदराचं टोक उचललं, घाण वास यावा तसं नाकाला लावलं, आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून ती माणसांतून वाट काढत निघून गेली. मास्तर मांडी घालून बसले होते. त्या दिवशी सकाळपासून त्यांना ज्याची त्याची शिसारी आली होती, पण ही आता आली होती तशी जन्मात कधी आली नव्हती, आणि ही दुसऱ्या कोणाची नव्हती. पट्टीवरचं बोट उचलायचं त्यांना सुचलं नाही, म्हणून सूर तसाच वाजत राहिला.